न ठरलेल्यांचा कोपरा

सभा चालवणाऱ्या गॉर्डनने भोंग्यातून सांगितलं, "चला मंडळी, आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहा," आणि माझे पाय डावीकडे वळले. जायचं होतं उजवीकडे. उजवीकडे, बास्केटबॉलच्या फलकाखाली, मायलो उभा होता. छातीवर त्याच्या उमेदवाराचा, गव्हर्नरचा, बिल्ला, हातात पुठ्ठ्याची पाटी, कानामागे पेन्सिल. आमच्या वॉर्डात तो नेहमीच कुणाचा ना कुणाचा कॅप्टन असतो आणि त्याच्या डाव्या हाताची जागा माझी असते, हे इथल्या लोकांना आता चर्चच्या बाकांसारखं पाठ आहे. मी कोट सावरत, लोकांना "जरा जाऊ द्या" म्हणत निघाले ती थेट मुलांच्या चढायच्या दोराखाली जाऊन थांबले. तिथे भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता : अजून न ठरलेले. मला कुणी ढकललं नव्हतं, कुणी बोलावलंही नव्हतं. दुकानात आपण चुकीच्या रांगेत उभे राहतो आणि मग निघायचाही कंटाळा येतो, तसं काहीसं झालं. पण चोरी केल्यासारखं वाटलं ते खरं.

बाकी जगात म्हणे लोक पडद्यामागे जाऊन गुपचूप मत देतात आणि घरी बायकोलाही सांगत नाहीत. सीडर रॅपिड्समध्ये आमच्या पक्षाचं तसं नाही. अध्यक्षपदासाठी आपला माणूस कोण, हे ठरवायला आम्ही भर फेब्रुवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, शाळेच्या जिममध्ये जमतो आणि ज्याला जो पसंत त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहतो, सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. त्याला कॉकस म्हणतात. कोण कुठे उभा होता हे लोक पुढची चार वर्षं विसरत नाहीत. शंभरातली पंधरा माणसंसुद्धा ज्याच्या कोपऱ्यात नसतील तो कोपरा मोडतो. त्याआधी थोडा वेळ मिळतो, आणि त्या वेळात कॅप्टन लोक जत्रेतल्या दुकानदारांसारखे माणसं ओढायला धावतात. न ठरलेल्यांचा कोपरा म्हणजे त्यांचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक.

"अगं आर्डिथ! इकडे!" पलीकडून ट्वायला बेनेशने हाक मारली. ट्वायला आमच्या शेजारच्या घरात राहते आणि तिचा आवाज तिच्या पुढच्या घरातही ऐकू जातो. "रस्ता चुकलीस की काय?"

"येते गं. इथे जरा गरम आहे, हीटरपाशी," मी ओरडून सांगितलं.

"मायलो, बायको पळाली बघ तुझी!"

मायलोने वर पाहिलं नाही. तो पाटीवरच्या कागदाकडे बघत होता आणि कानाची पाळी दोन बोटांत धरून हळूहळू ओढत होता. ती खूण फक्त मला कळते.

मला काही ठरवता येत नाही म्हणून मी तिथे उभी राहिले, असं कुणाला वाटलं असेल तर वाटो. माझं म्हणाल तर सगळंच ठरलेलं आहे. तेच तर दुखणं. उन्हाळ्यापासून फोन वाजतोय, दारावर टकटक होतेय, आणि प्रचारासाठी कुठून कुठून आलेली गोड मुलं मला विचारताहेत, "बाई, तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणता? आरोग्य विमा, बंदुका, गर्भपात, बाहेरून येणारे लोक, हवामान?" जणू हॉटेलात वेटरने पाच भाज्यांची नावं सांगावी आणि आपण एक निवडावी. आधी मी उत्तरं द्यायची. मग "नवऱ्याला विचारा" म्हणायला लागले. मग फोन उचलायचाच सोडला. काय सांगणार? बंदुकांबद्दल माझं मत विचारतात. शरद ऋतूत मी मायलोच्या दोन्ही शिकारीच्या बंदुका ब्लँकेटमध्ये गुंडाळून माझ्या भाच्याच्या शेतावर पोचत्या केल्या, आणि मायलोने विचारल्यावर साफ करायला दिल्यात म्हणून सांगितलं, हे माझं मत. त्या आधी चाळीस वर्षं त्याने मारलेले फेझंट पक्षी मीच सोलले आणि मीच भाजले, तेव्हाही माझं मत होतंच, ते दुसरं होतं. गर्भपाताबद्दल विचारतात. माझी बहीण बर्नडीन. सहा मुलं झाल्यावर डॉक्टरने तिला बजावलं होतं, सातवं झेपणार नाही. फादर म्हणाले, देव बघून घेईल. बर्नडीन हसून म्हणाली, "मग त्याला म्हणावं, लंगोटही तूच बदल." ती गेली, मूलही गेलं. कबरीवरची माती ओली असतानाच माझं मत झालं, आणि तरीही मी पुढे कित्येक वर्षं रविवारी बाकावर बसून, दुसरीच मतं ऐकून, मुकाट्याने आमेन म्हणत आले. हे दारात उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या मुलीला सांगायचं कसं? तिच्या हातातल्या फोनवर त्यासाठी एकच चौकोन असतो, त्यात बोट टेकवलं की झालं. मला या सगळ्याचा शीण आला आहे. मत असण्याचा नाही. ते सारखं दाखवावं लागण्याचा.

आणि बाहेरून येणारे लोक. ट्वायलाच्या आईला शेवटी उठताबसता येईना तेव्हा ग्वाटेमालाची येसेनिया नावाची बाई दिवसभर येऊन राहायची. म्हातारीला अंघोळ घालायची, केस विंचरायची, तिच्याशी आपल्या भाषेत बोलायची आणि म्हातारी चेक भाषेत उत्तर द्यायची. दोघींचं छान चाललं होतं. मग एका सोमवारी येसेनिया आली नाही. मंगळवारीही नाही. तिच्या भावाला कागदपत्रं नाहीत म्हणून मांसाच्या कारखान्यातून पोलिसांनी उचलून नेलं, असं कळलं, आणि ती रातोरात कुठेतरी निघून गेली. ट्वायला आठवडाभर रडली. पण त्याच ट्वायलाने मागच्या निवडणुकीच्या वेळी कॉफी पिताना टेबलावर बोट आपटून सांगितलं होतं, की या बाहेरून येणाऱ्यांना आवर घातला पाहिजे. मी तेव्हा काही बोलले नाही, आणि ती रडली तेव्हाही बोलले नाही. मैत्रीण आहे ती माझी. शिवाय मला तेव्हाच एक भीती वाटून गेली होती, की आता आमच्याकडे कोण येईल?

कारण मायलो विसरायला लागला आहे. सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. चष्मा फ्रिजमध्ये सापडला, चर्चहून घरी येताना तो जुन्या घराच्या रस्त्याला लागला. ते घर पुरात गेलं. शहराने ते आमच्याकडून विकत घेऊन पाडलं आणि आता तिथे नुसतं गवत आहे. तो त्या गवतासमोर गाडी थांबवून, इंजिन चालू ठेवून, खिशात किल्ली शोधत होता. त्या दिवशी मी हसले नाही. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरीणबाईंनी त्याला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं आणि त्याने सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "दुपारनंतर तसंही काही होत नाही." बाई हसल्या. मीही हसले. घरी येऊन गॅरेजमध्ये गाडी बंद केल्यावर तो म्हणाला, "आर्डी, कॉकस होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. हा एक मला करू दे. मग तू म्हणशील तसं." मी म्हटलं, "बरं." तो म्हणाला, "तू माझ्याजवळ उभी राहा. मी अडकलो तर तू सांग." एवढंच मागितलं त्याने. लग्नाला इतकी वर्षं झाली. मायलोने माझ्याकडे सरळ शब्दांत काही मागितल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजता येतील. आणि आज मी दोराखाली उभी होते.

मला राग आला होता, दुसरं काय? तो मायलोवर नव्हता. नाताळाच्या आधी गव्हर्नर आमच्या चर्चच्या तळघरात आला होता. उंचापुरा, हसरा, हात हातात घेतला की सोडत नाही असा माणूस. मायलोला तो आवडतो, कारण तो म्हणतो, युनियनने लढून मिळवलेला विमा कुणी हिरावून घेणार नाही. मायलोच्या कारखान्यात एका हिवाळ्यात त्याच विम्यासाठी संप झाला होता. आम्ही बायका फाटकाबाहेर पिंपात लाकडं पेटवून कॉफी वाटत होतो आणि ओट्सच्या गिरणीचा गोड वास शहरभर पसरला होता. तो वास आला की मला अजून भूक लागते आणि भीतीही वाटते. त्याच विम्याने पुढे मायलोच्या हृदयाचं ऑपरेशन केलं. म्हणून तो तरणा उमेदवार, युनियनच्या विम्याऐवजी सगळ्यांना एकच सरकारी विमा देऊ म्हणणारा, मायलोच्या डोळ्यांत खुपतो. पण मला विचारायचं होतं ते वेगळंच. मी हात वर केला. तळघरातली सगळी माणसं वळून बघायला लागली, कारण मी कधी हात वर करत नाही. मी विचारलं, "एखाद्याचं हाड मोडलं तर म्हाताऱ्यांचा सरकारी विमा पैसे देतो. एखाद्याला नुसतं दिवसभर कुणीतरी सांभाळायला लागत असेल, तर गाठीला ठेवलेलं जवळजवळ सगळं संपल्याशिवाय सरकार ढुंकून बघत नाही. याचं तुम्ही काय करणार?" गव्हर्नर माझ्याजवळ आला. त्याने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, डोळे ओले केले, आणि आपल्या आईची गोष्ट सांगितली. छान गोष्ट होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्याने उत्तरच दिलं नाही. पुढच्या आठवड्यात मी ट्वायलाला न सांगता तरण्याच्याही सभेला गेले. तो म्हणाला, "सगळं मिळेल." मी म्हटलं, "सगळं म्हणजे काय काय?" तो म्हणाला, "सगळं," आणि पुढच्या माणसाकडे वळला. घरी मायलोने विचारलं, "काय विचारलंस गं तू त्या दिवशी गव्हर्नरला?" मी म्हटलं, "ट्वायलाच्या आईबद्दल." तो म्हणाला, "ती तर गेली ना?"

आता मोजणी सुरू झाली. आमच्याकडे मोजणी अशी होते : कोपऱ्यातला प्रत्येक जण आपला आकडा मोठ्याने म्हणतो, एक, दोन, तीन, आणि कॅप्टन शेवटचा आकडा लिहून गॉर्डनला देतो. इतकं सोपं, की गॉर्डन शाळेत बँड शिकवायचा तेव्हा ताल मोजताना पहिलीतली मुलंही चुकत नसत. तरण्याच्या कोपऱ्यातली तरुण मंडळी आकडे गाण्यासारखे म्हणत होती. वकीलबाई म्हणजे तिसऱ्या उमेदवार, त्यांच्या कोपऱ्यातल्या बायका नेमक्या, स्पष्ट. मायलोच्या कोपऱ्यात आकडे वाढत गेले, आणि मध्येच तो बोट वर करून म्हणाला, "थांबा. परत पहिल्यापासून." लोकांनी परत पहिल्यापासून केलं. परत तो थांबला. कुणीतरी ओरडलं, "मायलो, झोप लागली का?" हशा पिकला. तो स्वतःही हसला. पाटी छातीशी धरून, मान जराशी वाकडी करून त्याने आपल्या डाव्या हाताच्या जागेकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. तो त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ बघत राहिला, जसं तसबीर काढून नेलेल्या भिंतीकडे आपण बघतो. पण मी हलले नाही. मी हलले नाही याचं मला तेव्हा आश्चर्यही वाटलं. मनात कुणीतरी हट्टी, रुसलेली बाई बसली होती आणि ती म्हणत होती, एकदा तरी, एकदा तरी मी जिथे आहे तिथे मला मोजा.

शेवटी ट्वायलानेच मोजणी पुरी केली आणि गव्हर्नरला दोन माणसं कमी पडली. गॉर्डनने भोंग्यातून ते जाहीर केलं, आणि सगळ्या जिममध्ये ती मजेदार गडबड उडाली, जिच्यासाठी लोक थंडीत घराबाहेर पडतात. मायलोचा चेहरा एकदम उजळला. मोजणं त्याला जमलं नसेल, पण माणसं ओढण्यात त्याचा हात धरणारा या वॉर्डात कुणी नाही. पाटी ट्वायलाच्या हातात देऊन, बिल्ला सरळ करून तो जिमच्या मधोमधचं वर्तुळ ओलांडत सरळ आमच्याकडे यायला लागला. मला वाटलं, मला न्यायला येतोय. मी पर्स खांद्यावर नीट केली. आमच्या कोपऱ्यात तेव्हा फारसं कुणी उरलं नव्हतं. पोटाशी बाळ बांधलेला एक उंच, दमलेला बाप होता, दोन कॉलेजातल्या मुली फोन बघत होत्या, आणि मी.

तो माझ्यासमोर थांबला आणि त्याने हात पुढे केला.

"नमस्कार, बाई. मी मायलो कोपेत्स्की. इथलाच, नदीपलीकडचा. तुम्हाला पूर्वी कुठेतरी पाहिलंय मी."

मागून ट्वायला खो खो हसली. "ऐका, ऐका! बायकोला ओळख करून देतोय!" सगळा कोपरा हसला. गॉर्डनही भोंगा तोंडापासून बाजूला धरून हसला. मायलोच्या अशा गमती सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. मीही हसायच्या बेतात होते, पण मग मी त्याचे डोळे पाहिले. निळे, नम्र, लक्ष देणारे. अनोळखी माणसाकडे तो असेच बघतो. लबाडीचा एक कणही त्यात नव्हता. लोक कशाला हसताहेत हे न कळून त्याने क्षणभर मागे वळून पाहिलं, मग सौजन्याने तोही थोडं हसला आणि परत माझ्याकडे वळला. हात अजून पुढेच होता. मी तो हातात घेतला. इतक्या वर्षांत मी मायलोशी कधी हस्तांदोलन केलं नव्हतं. त्याची पकड चांगली, घट्ट आहे.

"आर्डिथ," मी म्हटलं.

"छान नाव. आमच्याकडेही एक आहे," तो म्हणाला. "बाई, मी तुमचा फार वेळ घेत नाही. एवढंच सांगा, तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणता?"

उन्हाळ्यापासून तो प्रश्न ऐकून माझे कान किटले होते. पण तो विचारून खरोखर थांबलेला हा पहिलाच माणूस. हातात फोन नाही, घाई नाही. आजूबाजूला गोंगाट होता. आमचं बोलणं कुणाला ऐकू जात नव्हतं.

"माझे यजमान आजारी आहेत," मी म्हटलं. "विसरतात. अजून फार नाही, पण वाढत जाणार म्हणतात. मी त्यांना घरी किती दिवस ठेवू शकेन मला माहीत नाही. मला कुणीतरी मदतीला हवंय, आणि ते परवडणारं नाही, आणि अगदी कफल्लक झाल्याशिवाय कुणी विचारणारही नाही. मला याची फार भीती वाटते. रात्री झोप लागत नाही. कुणाला सांगताही येत नाही."

हे मी कुणालाच बोलले नव्हते. फादरना नाही, ट्वायलाला नाही. मायलोला तर नाहीच, कारण त्याच्यासमोर मी सगळं जमेल असाच चेहरा ठेवते. तो ऐकत होता. मान किंचित वाकवून, चांगला कान माझ्याकडे करून.

"त्यांना ठाऊक आहे का? तुम्हाला भीती वाटते हे?" त्याने विचारलं.

"नाही."

"सांगायला हवं तुम्ही. कळतं हो माणसाला. बरं नसलं तरी कळतं."

मी मान हलवली. मग मला तो जुना राग आठवला, आणि मी विचारलं, "तुमचा गव्हर्नर यावर काही करणार आहे का?"

मायलोने विचार केला. तिथे दुसरा कुठलाही कॅप्टन असता तर हो म्हणाला असता, आईची गोष्ट सांगितली असती. मायलो म्हणाला, "नाही, बाई. खोटं कशाला बोलू? यावर ते काही बोलल्याचं मला आठवत नाही."

"मग मी तुमच्या कोपऱ्यात का यावं?"

तो ओशाळला. कानाची पाळी ओढत म्हणाला, "खरं सांगायचं तर मला दोन माणसं कमी पडताहेत. आणि माझी बायको कुठे गेली कळत नाही. ती असली की मला सुचतं."

मी त्याचा दंड धरला. "चला," मी म्हटलं.

बाळवाला बापही आमच्या मागून निघाला. "मला सगळे सारखेच," तो म्हणाला, "याची झोपायची वेळ झालीय." जिमचं वर्तुळ ओलांडताना मायलोने अनोळखी बाईला सांभाळून न्यावं तसं माझं कोपर हलकेच धरलं होतं. फलकाखाली पोचल्यावर ट्वायला म्हणाली, "आली का फितूर परत?" आणि मला एक धपका घातला. मी माझ्या जागेवर उभी राहिले. मोजणी परत सुरू झाली. या वेळी प्रत्येक आकड्याला मी खालच्या आवाजात तोच आकडा म्हणत होते आणि तो माझ्या ओठांकडे बघत पाटीवर रेघ मारत होता. बाळाचाही आकडा धरा म्हणून कुणी चेष्टा केली. माझी पाळी आली तेव्हा मी माझा आकडा मोठ्याने, अगदी शाळेत हजेरी देताना म्हणतात तसा म्हटला. घरातला म्हातारा कोण सांभाळणार, याचं उत्तर ज्याच्याकडे नाही त्या माणसाच्या नावावर मी मोजली गेले. मला वाईट वाटलं. रडू यावं इतकं वाटलं. आणि त्याच वेळी मायलोने कागद गॉर्डनच्या हातात दिला, गॉर्डनने कोपरा टिकल्याचं जाहीर केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, "म्हाताऱ्यात अजून दम आहे" म्हणाले. तो लालबुंद होऊन हसत होता. कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. त्याने जे मागितलं होतं ते त्याला मिळालं होतं. मला जे हवं होतं ते कोणत्याच भिंतीवर लिहिलेलं नव्हतं.

बाहेर बर्फ थांबला होता. मी काचेवरचा थर खरवडून काढला, त्याच्या बाजूचं दार उघडलं, पट्टा लावून दिला. ऑक्टोबरपासून गाडी मीच चालवते. गुडघा दुखतो असं तो लोकांना सांगतो. गिरणीच्या बाजूने धुराचा पांढरा लोट सरळ वर चालला होता. दोन रस्ते गेल्यावर हीटर तापला तसा त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आर्डी," तो म्हणाला. "कुठे होतीस गं तू?"

"होते की तिथेच."

"सुरुवातीला दिसली नाहीस. घाबरलो मी जरा." त्याने मांडीवरची टोपी फिरवली. "पण निभावलं ना?"

"मस्त निभावलंस."

"एक बाई भेटली. त्या न ठरलेल्यांच्यात होती." तो खिडकीबाहेर बघत होता. "तिचा नवरा चाललाय. म्हणजे, डोक्याने. एकटीच करते बिचारी सगळं. तिला मी खरं ते सांगितलं, गव्हर्नरचं. वाटलं, आता कसली येते. तरी आली."

मी लाल दिव्याला थांबले. समोर कुणी नव्हतं, तरी दिवा हिरवा व्हायला फार वेळ लागला.

"तिच्याकडे काहीतरी करून नेऊ या उद्या," मायलो म्हणाला. "कुणी नेलं नसणार अजून. लोकांना माहीतच नाही, ती सांगत नाही ना कुणाला."

"काय नेऊ?"

"ते तू करतेस ना, बटाट्याच्या चकत्यांचं, हॅम घालून. भांडंभर कर. दोन दिवस पुरेल त्यांना."

"तिच्या नवऱ्याला आवडेल का ते?"

मायलोने बराच विचार केला. "मला आवडतं," तो म्हणाला. "त्यालाही आवडेल. आणि आर्डी, दारात ठेवून निघून यायचं नाही. जरा बसायचं तिच्याजवळ. फार भ्यायलीय गं ती."

मी "हो" म्हटलं. बटाटे घरात होते, हॅम नव्हतं. दुकान अजून उघडं असणार. मी गाडी तिकडे वळवली.